काळ्या केकचं बोरन्हाण

रुचिराने तो केक खोक्यातून बाहेर काढला आणि माझं डोकंच फिरलं. "काय गो ह्यां? पोराच्या बोरन्हाणाक काजळाचो डबो हाडलंस?" राग आला की मी मालवणीत शिरते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"आई, संक्रांतीला काळंच लागतं ना? झबलं काळं, तर केकपण काळा. थीम आहे यार!" रुचिरा माझी थोरली लेक, बोरिवलीला असते. टॅक्सीत मांडीवर धरून तिने तो केक मुलुंडपर्यंत सांभाळून आणला होता. पतंगाच्या आकाराचा, कुळकुळीत काळा, आणि वर पांढऱ्या हलव्याची नक्षी. खोटं कशाला बोलू, दिसत होता झकास. एरवी पोराच्या कार्यक्रमाला काळा केक कोण आणेल? शुभकार्यात काळं नको म्हणून आम्हीच ओरडतो. पण संक्रांतीला आमचंच सगळं उलटं. साडी काळी, झबलं काळं, टोपडं काळं.

बोरन्हाण माझ्या नातवाचं, ओजसचं. हर्षद माझा मुलगा, श्रुतिका सून. ओजस सव्वा वर्षाचा. मागच्या संक्रांतीला तो इतकुसा होता आणि हॉस्पिटलातच होता, म्हणून राहून गेलं.

त्याच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. शिवाय फुप्फुसाकडे रक्त जाण्याची जी वाट, ती अरुंद. डॉक्टरांनी आम्हाला चित्र काढून समजावलं होतं. पोर जोरात रडलं, चिडलं की ती वाट आणखी आवळते, रक्त शुद्ध न होताच अंगभर फिरतं आणि ओठ निळे पडतात. तसं झालं तर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरायचे आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली होती. तोवर दोन कामं. पोराला रडू द्यायचं नाही, आणि ओठांवरून नजर हलवायची नाही. करोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र होतं घरात, पण त्याच्या चिमुकल्या बोटावर ते टिकायचंच नाही. डॉक्टरच म्हणाले, "आजी, ओठ बघा. ओठ खोटं बोलत नाहीत."

श्रुतिकाने बँकेतली नोकरी सोडली ती ओठ बघायला. रोज सकाळी त्याला खिडकीपाशी उजेडात न्यायची, हनुवटी धरायची आणि बघायची. तिने मान हलवली की मग आमच्या घरात चहा व्हायचा. ओठ त्याचे कधी गुलाबी नव्हतेच. बरे असले तर राखाडी, फिकट. बिघडले तर मी त्या रंगाला कोकम म्हणायचे, सुकवलेल्या सोलाचा असतो ना तसा रंग, काळपट जांभळा. पुढे तोच शब्द घरात पडला. श्रुतिका हर्षदला ऑफिसात फोन करायची आणि फक्त "कोकम" म्हणायची, की तो ऐरोलीहून रिक्षा करून निघायचा. वर्षभरात आम्ही जेवणात कोकम घालणं सोडलं. सोलकढीचं तर कुणी नावसुद्धा काढेना.

आणि रडू न देणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. समोरच्या शकुताई मिक्सर लावायच्या आधी विचारून जायच्या, "झोपलाय का गं?" आम्ही घराची बेल काढून टाकली. त्याने चमचा मागितला की चमचा, मोबाइल मागितला की मोबाइल, माझा चष्मा मागितला की चष्मा. दोन चष्मे मोडले मेल्याने. पण हसला ना, मग झालं.

मग एवढं असताना बोरन्हाणाचा घाट का घातला? मीच घातला. म्हटलं, ऑपरेशनच्या आधी पोराचे सगळे लाड करून घेऊ. श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं. आधीच का, नंतर का नाही, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नुसती म्हणाली, "थोडीच मुलं बोलवायची, आई. आणि कुणी ओरडायचं नाही."

हलव्याचे दागिने मी स्वतः केले. हार, मुकुट, बाजूबंद, हातात बासरी. पायात वाळे हवेत, पण ओजसला पायात काही घातलं की लाथा मारून फेकून देतो. म्हणून मी काळे मोजे घेतले, वाळे मोज्यांना शिवले, आणि मोजे लेंग्याच्या कडेला टाचून टाकले. दुहेरी दोरा, बारीक टाका. काढ म्हणावं आता.

संध्याकाळी त्याला पाटावर बसवला. काय गोड दिसत होता माझा बाळ! शकुताईंनी ओवाळलं. मग बिल्डिंगमधली पोरं केक, केक करायला लागली, म्हणून रुचिराने आधी केकच कापला. पहिला घास ओजसला. तिने बोटावर आयसिंग घेऊन त्याच्या जिभेला लावलं. त्याला आवडलं. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पतंगात घातले आणि चाटत बसला. सगळे मोबाइल काढून उभे. मीसुद्धा म्हटलं, खाऊ दे गं, रडत तर नाहीये.

मग आम्हीही खाल्ला. आणि थोड्या वेळाने शकुताई हसल्या तर काय! दात काळे, हिरड्या काळ्या, ओठांना जांभळी कड. पोरं लोळून हसायला लागली, तर त्यांचीही तोंडं तशीच. हर्षद काळा, रुचिरा काळी. "आई, आ कर, आ कर," म्हणत रुचिराने माझा फोटो काढला. मी अर्ध्या कवळीसकट काळी. घरात किती दिवसांनी तसलं हसू झालं असेल! एकट्या श्रुतिकाने केक खाल्ला नव्हता. ती ओजसच्या मागे उभी होती आणि ओल्या रुमालाने त्याचं तोंड पुसत होती.

"जात नाहीये हे," ती म्हणाली.

"वहिनी, जाईल गं. फूड कलर आहे. उद्यापर्यंत जाईल," रुचिरा म्हणाली.

"उद्यापर्यंत?" श्रुतिकाने विचारलं. तिचा चेहरा मला दिसला, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी बोरांचं सूप उचललं होतं.

बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या, गोळ्या, सगळं मी हळू ओतणार होते. पण डोक्यावरून पहिली ओंजळ पडली आणि पोरांचा धीर सुटला. एकदम झडप घातली सगळ्यांनी. पाट हलला, मुकुट तुटून डोळ्यांवर आला, आणि ओजसने भोकाड पसरलं. असं रडणं आम्ही वर्षभरात ऐकलं नव्हतं. होऊच दिलं नव्हतं. श्रुतिकाने त्याला उचललं, हर्षद पोरांवर ओरडला, पोरं भेदरून भिंतीला चिकटली. ओजस मात्र श्वास ओढून ओढून रडतच होता. खुळखुळा झाला, मोबाइल झाला, माझा चष्मा झाला. ऐकेना.

आणि मग गप्प झाला.

"झाला गं बाई गप्प," शकुताई म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं. देवाशप्पथ सांगते, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "शहाणो माझो तो."

पण श्रुतिकाने त्याला दिव्याखाली धरला होता. त्याची मान तिच्या हातावर कलली होती. श्वास भराभर चालला होता, डोळे अर्धे मिटलेले. "ओठ," ती म्हणाली. "मला ओठ दिसत नाहीयेत."

"अगं आयसिंग आहे ते," रुचिरा म्हणाली. "दमलाय रडून. झोप येतेय त्याला."

"ताई, मला दिसत नाहीयेत!" श्रुतिका इतकी किंचाळली की रुचिराच्या हातातला मोबाइल पडला.

आम्ही त्याचं तोंड पुसायला लागलो. पाण्याने पुसलं. खोबरेल तेल लावून पुसलं. श्रुतिकाने ओढणीने घासलं, इतकं घासलं की पोराने कण्हायला हवं होतं, तर हूं नाही की चूं नाही. ओठ काळेच. हर्षदने बोट घालून तोंड उघडलं, तर जीभ काळी, हिरड्या काळ्या. नखं बघावीत तर दहाही बोटं आयसिंगमध्ये बरबटलेली, आणि पुसून पाहिलं तर नखाखालपर्यंत रंग मुरलेला. ते यंत्र लावलं, त्यावर नुसत्या रेघा. पोर दमून झोपतंय की हातातून जातंय, हे सांगणारी त्याच्या अंगावर होती नव्हती ती सगळी जागा आम्हीच रंगवून ठेवली होती. काय करू, कुठे बघू? ह्या एवढ्याशा देहात बघायचं तरी कुठे?

"पाय," मी म्हटलं. "गो, पाय बघ त्याचे!"

पायात माझे मोजे. लेंग्याला टाचलेले, दुहेरी दोऱ्याने. मी ओढले, निघेनात. पुन्हा ओढले, हलव्याचे दाणे जमिनीवर उडाले, पण टाका काही उसवेना. कात्री म्हणून ओरडले, तर त्या पसाऱ्यात कात्री कुणाला सापडते? शेवटी मी त्या टाक्याला दात लावले आणि कुत्र्यासारखा मोजा फाडला. मेली मी, कशाला एवढं बारीक शिवलं! आतून त्याचं पाऊल बाहेर आलं. गार. अंगठ्याचं नख मी दिव्याकडे धरलं.

"हर्षद," मी म्हटलं, "कोकम."

हर्षदने त्याचे गुडघे छातीशी दाबले, श्रुतिकाने वरून मिठी घातली, आणि तसेच, अनवाणी, आम्ही तीन जिने उतरलो. शकुताईंनी पुढे धावत जाऊन रिक्षा उभी केली होती. रिक्षात हर्षद त्याला वाटीसारखा दुमडून धरून बसला. श्रुतिका त्याच्या कानाशी सारखं म्हणत होती, "ओजू, आई इथे आहे. ओजू, आई इथेच आहे." मी त्याचं उघडं पाऊल मुठीत धरलं होतं. प्रत्येक दुकानाचा उजेड रिक्षात आला की मी नख बघायची. निळं. पुढचं दुकान. निळं. सिग्नल लागला तेव्हा मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर बुक्की मारली. त्याने मागे वळून आमची तोंडं बघितली. तो काय समजला कुणास ठाऊक, पण त्याने सिग्नल तोडला. देव त्याचं भलं करो.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. ओजसला बघून तिने झटकन ऑक्सिजन मागवला आणि विचारलं, "ओठ कधीपासून असे आहेत?"

"रंग आहे तो," श्रुतिका म्हणाली. "नाही, रंग आहे, पण खाली निळे पण आहेत, मॅडम. रंगाच्या खाली निळे आहेत!"

"केकाचा रंग," मी म्हटलं. "पाय बघा, बाई. पाय चांगले आहेत. म्हणजे चांगले नाहीत. पायाला रंग नाही."

तिने आमच्या सगळ्यांच्या दातांकडे एकदा बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. यंत्राची पट्टी तिने सरळ त्याच्या उघड्या पावलाला लावली. पडद्यावर आकडा आला. मला त्या आकड्यातलं काही कळत नाही, श्रुतिकाला कळतं. तिने आकडा बघितला आणि होती तिथे फरशीवर बसली. मग त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

मागून रुचिरा आली. तोंडावर रुमाल दाबून, रडून रडून डोळे सुजलेले. "आई, माझ्यामुळे झालं. मी आणला ना तो केक. मी मुद्दाम काळा सांगितला."

वाटलं, एक कानाखाली द्यावी. खरंच वाटलं. पण समोर लिफ्टच्या दारात मला माझंच तोंड दिसलं. सत्तरीला आलेली बाई, काळी साडी, नाकात नथ आणि दात डांबरासारखे. कुणावर राग काढू? म्हटलं, "आधी तोंड धुवून ये." ती गेली, खसखसून धुवून आली. रंग होता तसाच होता. आम्ही सगळे तिथे बाकावर बसलो, काळ्या कपड्यांत, काळ्या तोंडांनी, आणि जाणारा-येणारा आमच्याकडे बघून पुढे जायचा.

मला प्रार्थना-बिर्थना सुचेना. गावच्या रवळनाथाला मी आयुष्यभर गाऱ्हाणी घातली, पण त्या दिवशी भांडण घातलं. "बा रवळनाथा म्हाराजा, मोठो इलंस न्याय करणारो! पोर न्यायचां असात तर आधी माका ने. माझां सगळां झालां. त्याचां एक बोरन्हाण पण पुरां झालां नाय, तुका दिसत नाय काय?" मोठ्याने बोलत होते की मनात, आठवत नाही. हर्षद माझा हात धरून बसला होता, लहानपणी धरायचा तसा.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, तिच्या पायांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "आत्ता स्थिर आहे. औषधाने झटका उतरलाय. पण आता फेब्रुवारीपर्यंत थांबता येणार नाही. हा झटका पुन्हा येऊ शकतो. सर उद्याच घेतील ऑपरेशनला." मग म्हणाली, "लवकर आणलंत. झोपलाय समजून घरी थांबला असतात तर..."

ऑपरेशनच्या वेळचं मी काही सांगत नाही. ते सांगायला बसले तर मला पुन्हा तिथे जाऊन बसावं लागेल.

नंतर बरेच दिवस त्यांनी फक्त आई-बापालाच आत सोडलं. हर्षद बाहेर येऊन सांगायचा, "बरा आहे." मी म्हणायची, "रंग कसा आहे?" तो म्हणायचा, "बघशील." चिडायची मी. सरळ सांगायला काय धाड भरली होती मेल्याला?

वॉर्डात आणल्यावर मला सोडलं. श्रुतिका स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती. ओजस पलंगावर, छातीला पट्टी, हाताला सुई, टक्क जागा. मी वाकून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. पोराच्या ओठांना कुणीतरी रंग लावला होता! लालसर गुलाबी, बायका लावतात तसा. एवढं सगळं होऊन गेलं आणि पुन्हा पोराच्या तोंडाला रंग? रुचिराच असणार, फोटो काढायला. मी पदराचं टोक गडूतल्या पाण्यात बुडवलं आणि पुसलं.

रंग गेला नाही.

जरा दाबून पुसलं. नाही गेला. पदराकडे बघितलं, पदर कोरा. उलट पुसलं तिथे ओठ आणखी लाल झाला. ओजसला राग आला. त्याने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. श्रुतिका खडबडून उठली, हर्षद दारातून धावला, आणि तिघांचीही नजर एकदम तिथेच गेली, त्याच्या ओठांवर. तो रडतोय, आम्ही बघतोय. तो आणखी जोरात रडतोय, आणि ओठ आणखी गुलाबी होतायत.

"आई," श्रुतिका हळूच म्हणाली, "तो रंग त्याचाच आहे."

सव्वा वर्ष मी त्या पोराला ओळखत होते आणि त्याच्या ओठांचा रंग मी पहिल्यांदा बघत होते. नर्स आली आणि म्हणाली, "गप्प करा ना त्याला, आजी." मी ओला पदर कमरेला खोचला.

"थांब गो जरा," मी म्हटलं. "रडांदे त्येका."